अत्ती आणि वैरागचा ळ

आमच्या वळसंगच्या घरात माजघराच्या मधोमध एक कडुलिंबाचा खांब होता, आणि आमच्या अत्तीचं त्या खांबाशी जेवढं बोलणं झालं तेवढं जगात कुणाशीच झालं नसेल. अत्तीला एखाद्याचा राग आला की त्याच्याशी ती बोलणं बंद करायची. पण राग आल्यावर सांगण्यासारखं तर पुष्कळ असतं. मग ते सगळं ती खांबाला सांगायची.

"खांबा, बघितलास का रं? गावाची न्याहारी झाली, आन् सायबाचं आंगुळीचं पानी अजून तापतंयच."

साहेब म्हणजे मी. मी खांबापासून चार हातांवर टॉवेल घेऊन उभा. उत्तर मात्र खांबानंच द्यायचं. मी मधे तोंड घातलं तर ती पुन्हा खांबाकडंच वळायची आणि विचारायची, "कोन बोललं रं?" लहानपणी मला खरोखर वाटायचं की हा खांब आमचा कुणीतरी वडीलधारा असावा. सणासुदीला मी त्याच्याही पाया पडायचो. अत्तीनं मला कधी अडवलं नाही.

अत्ती म्हणजे माझी आत्या, दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोरली बहीण. दिली होती अक्कलकोटच्या पलीकडं, कानडी मुलखात. नवरा लवकर गेला. त्याच सुमाराला इकडं माझी आई गेली आणि मी रांगत होतो. दादांनी बैलगाडी पाठवली, अत्ती गाडीत बसून आली आणि उतरल्या उतरल्या चुलीचा ताबा घेतला. तेव्हापासून घरात कुठल्या डब्यात काय आहे हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तरी कुणी काही विचारलं की तिचं ठरलेलं उत्तर: "मला काय इचारता? मी पाव्हणी हाय." दाण्यांची पोती कुठं ठेवायची, म्हैस विकायची की राखायची, दादांनी कुठली टोपी घालून लग्नाला जायचं, हे सगळं ही पाहुणी ठरवायची.

तिचा आणखी एक कायदा होता. माणसांशी मराठीत बोलायचं. म्हशीशी आणि देवाशी कानडीत. देवाशी कानडीत का, तर म्हणे गावच्या भानगडी सगळ्या मराठीत असतात, त्या त्याच्या कानावर कशाला घालायच्या? म्हशीशी का, ते तिनं कधी सांगितलं नाही. पण संध्याकाळी गोठ्यात तिचं जे चालायचं ते ऐकण्यासारखं असे. आमच्याशी एका शब्दात बोलणारी ही बाई म्हशीपाशी बसली की तासतासभर थांबायची नाही. म्हैसही शहाणी, रवंथ थांबवून ऐकायची.

अशा घरात माझं लग्न ठरलं, आणि तेही असं की दादा वैरागच्या बाजारात बैल बघायला गेले ते सून ठरवून आले. बैल मिळाला नाही. घराणं आमच्याच जातीतलं, माणसं सज्जन, मुलगी सातवी शिकलेली. फक्त बार्शीकडची असल्यामुळं कानडीचा गंध नाही. अत्ती त्या दिवशी खांबाला म्हणाली, "बैल आनला असता तर निदान त्याला कानडी शिकिवता आलं असतं की."

सुमन घरात आली उन्हाळ्यात. मी सोलापुरात गिरणीच्या कचेरीत नोकरीला. शनिवारी संध्याकाळी एस.टी.नं यायचो आणि आलो की आधी खांबाकडं बघायचो, कारण आठवड्याची सगळी बातमी तिथंच कळायची. "खांबा, वैरागची मानसं भाकरी थापत्यात का चिटकिवत्यात रं?" "खांबा, आमच्याकडं भांडी उलटी ठिवायची रीत हाय, वैरागात काय पाऊस भरून ठिवत्यात का?" सुमन बिचारी मुकाट्यानं भांडी उलटी ठेवायची. तिला तिच्या नावानं अत्तीनं एकदाही हाक मारली नव्हती. हाक मारायला लागूच नये, अशी सगळी सोय खांबानं केलेली होती.

दिवाळी झाली आणि अत्तीनं जाहीर केलं, अर्थात खांबापाशी, की येळवस झाली की पाहुणी जाणार. कुठं? अक्कलकोटच्या पलीकडं, दिराच्या घरी. ज्या दिरानं इतक्या वर्षांत तिला एका सणाला बोलावलं नव्हतं, त्याच्या घरी. का? तर तिकडं सगळी कानडी बोलतात.

आम्ही ते कारण धरलंच नाही. कानडी बोलतात म्हणून कुणी उतारवयात परक्याच्या दारात जाऊन पडतं का? गाव म्हणालं, सुनेचं आणि तिचं पटत नाही. सुमनलाही तेच वाटलं. मी दादांना विचारलं, आता काय करायचं? दादांनी सुपारी कातरली. ती त्यांची बोलण्याची पद्धत होती. त्या दिवशी मात्र ते बराच वेळ कातरत राहिले आणि तोंडात एक खांड टाकलं नाही. आणि मला तर दुसरी आई ठाऊकच नव्हती.

आता येळवस म्हणजे काय ते परमुलखातल्या वाचकांना सांगितलं पाहिजे. थंडीत, ज्वारी पोटऱ्यात आली की अवसेला आमच्याकडं सगळं घर शेतात जातं. कडब्याची खोप करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांना पालेभाज्या आणि ओल्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, ताकातली आंबील यांचा नैवेद्य दाखवायचा, आणि रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही जेवल्याशिवाय सोडायचं नाही. आमच्याकडं शेवटी एका गाडग्यात दूध तापवून उतू घालवायचं. ते ज्या बाजूला उतू जाईल त्या बाजूची बरकत. घराच्या बाजूला गेलं तर उत्तम. दुधाजवळ बसलेल्या बाईनं कुठल्या बाजूला गेलं ते मोठ्यानं ओरडून सांगायचं.

त्या वर्षी नाताळच्या सुट्टीला जोडून मला रजा मिळाली होती. घरी पोचलो तर माजघरात अत्तीचं गाठोडं बांधून ठेवलेलं. मी सुमनकडं बघितलं. ती हसत होती. मला वाटलं, आता ही सुद्धा बिघडली. तर ती मला परसात घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "काळजी करू नका. मी कानडी शिकतेय."

"कुणाकडं?"

"म्हशीकडं."

झालं होतं असं, की महिनाभर ती रोज संध्याकाळी गोठ्याच्या भिंतीआड उभी राहून अत्तीचं बोलणं ऐकत होती. 'हाल' म्हणजे दूध आणि 'मनी' म्हणजे घर, एवढं तिनं भिंतीआडून पकडलं होतं. शिवाय तिनं स्वतःचा एक शोध लावला होता. कानडीत जिकडंतिकडं ळ असतो. ल कानावर आला की समजायचं, आपली ऐकण्यात चूक झाली. तिथं ळ ठोकायचा. हा शोध तिनं मला सांगितला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण तो तिनं सणासाठी राखून ठेवला होता.

येळवशीच्या सकाळी गाडी जुंपली. भज्जीचं पातेलं, उंड्यांची दुरडी, आंबिलीची घागर, आणि सगळ्यांवर ते गाठोडं. आमचं शेत अक्कलकोटच्या रस्त्याला लागून. दुपारची एस.टी. बांधावरून हात केला की थांबायची. म्हणजे पाहुणी शेतातूनच परस्पर जाणार होती. दुष्काळानंतर पहिल्यांदाच ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेली होती, अशा वर्षी आमची गाडी चालली होती सुतक असल्यासारखी.

शेतात अत्तीची एक अडचण झाली. तिथं खांब नव्हता. तिनं चौफेर नजर टाकली आणि पाच पांडवांतला सगळ्यांत जाडजूड दगड निवडला. "भीमा," ती म्हणाली, "वैरागच्या पाव्हणीला म्हनावं भज्जी ढवळ, नायतर बुडाला लागंल." पूजा होईपर्यंत भीमानं खांबाचं काम चोख केलं. आसपासच्या वस्तीवरची माणसं जेवायला आली होती. तीही बिचकून भीमाकडंच बघून बोलायला लागली. पंगत उठली. मी रस्त्याकडं कान लावून बसलो होतो. दादा बैलांना वैरण टाकायला गेले ते गाडीपाशीच रेंगाळत राहिले.

मग गोवऱ्या पेटवून दुधाचं गाडगं ठेवलं. दूध राखण्याचा मान घरच्या बाईचा. इतकी वर्षं तिथं अत्ती बसत आली होती. त्या दिवशी ती उभीच राहिली. "भीमा, घरची बाई कोन हाय ती बसंल. पाव्हणीचं काय काम?"

सुमन पदर खोचून बसली. दूध वर यायला लागलं. सगळे गोल करून वाकले. फेस काठाला आला, थरथरला, आणि नेमका गावाच्या बाजूला, घराच्या बाजूला, भसकन उतू गेला. असं उत्तम दूध आमच्याकडं कित्येक वर्षांत गेलं नव्हतं. सुमनचं तोंड उजळलं. ती उठून उभी राहिली आणि घराकडं दूध गेलं हे अत्तीच्या भाषेत सांगायचं म्हणून साऱ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली:

"अत्ती, मनी हाळ!"

कानडी न येणाऱ्या वाचकांसाठी सांगतो. हाल म्हणजे दूध. हाळ म्हणजे सत्यानाश. घराचा सत्यानाश, असं भर सणाला, पांडवांसमोर, दूध उतू जात असताना आमच्या नव्या सुनेनं अत्तीला ओरडून सांगितलं होतं. आमच्या भागात बाया नळावर भांडताना अगदी शेवटी, घागरी फुटल्यावर, हे म्हणतात.

उंडा खात असलेल्या एका शेजाऱ्याचा घास तसाच गालात राहिला. एक म्हातारी तोंडाला पदर लावून खोपीमागं गेली. सुमन मात्र शाबासकीची वाट बघत उभी.

अत्ती निघाली. भीमाला ओलांडून, बघितलं सुद्धा नाही त्याच्याकडं, सरळ सुमनच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"काय म्हनालीस?"

उन्हाळ्यापासून तिनं सुमनला थेट विचारलेला हा पहिला प्रश्न. सुमनला वाटलं, ऐकू आलं नसावं. तिनं आणखी स्पष्ट, ळ वर चांगला जोर देऊन सांगितलं. "मनी हाळ."

"कुनी शिकिवलं?"

"म्हशीनं," सुमन म्हणाली. "तुम्ही तिच्याशी बोलता ते ऐकून."

"माजी म्हस असं बोलत न्हाय," अत्ती म्हणाली. "म्हशीचं कानडी चांगलं हाय."

मी धावलो. म्हटलं, अत्ती, तिला दूध म्हणायचं होतं, ल चा ळ झाला, मनात काही नाही. सुमनला एकदम काय झालं ते कळलं आणि ती मटकन खाली बसली. अत्तीनं मला हातानंच गप्प केलं. तीही गुडघे धरत सुमनच्या समोर टेकली आणि तिच्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता हिच्या तोंडून जे निघेल ते घेऊनच एस.टी. जाणार.

"मालक गेले," ती म्हणाली, "तवापासनं ह्या घरात मानसाच्या तोंडनं कानडी म्हून न्हाय ऐकलं मी. समद्यास्नी कळतंय, बोलत कुनी न्हाय. सपनात सुदिक मानसं मराठी बोलाया लागली व्हती." मग तिनं सुमनकडं बोट केलं. "आन् इतक्या वर्सानं कुनी बोललं, ते हे बोललं."

आणि तिला हसू फुटलं. अत्तीला हसताना मी क्वचितच बघितलं होतं. तिचं हसणं सगळं खांद्यांतून व्हायचं, आवाज नाही. खांदे हलत राहिले, आणि जरा वेळानं आमच्या ध्यानात आलं की आता ते हसण्यानं हलत नाहीत. सुमननं घाबरत घाबरत तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. अत्तीनं तो झटकला नाही.

तेवढ्यात एस.टी.चा हॉर्न वाजला. गाडी बांधाजवळ येऊन थांबली, कारण सकाळीच गावात सांगून ठेवलेलं होतं. कंडक्टरनं दारातून हाक दिली, मावशी, चला. मी आमच्या बैलगाडीकडं बघितलं. दादा तिच्यातच होते. गाठोड्यावर बसून सुपारी कातरत होते, आणि उठण्याचा त्यांचा कसलाच विचार दिसत नव्हता.

अत्ती उठली, डोळे पुसले, दुरडीतून दोन पानांवर उंडे घेतले, वर भज्जी घातली आणि बांधाकडं चालायला लागली. ती एस.टी.पाशी पोचली. तिनं कंडक्टरच्या हातात पान ठेवलं, ड्रायव्हरलाही दिलं, येळवशीचं आहे, टाकू नका, असं बजावलं, आणि मागं वळली. एस.टी. धुरळा उडवत अक्कलकोटकडं निघून गेली.

परत येऊन ती दादांवर खेकसली. "असं कसं जाऊ हिला अर्धवट सोडून? उद्या गावात कुनाच्या दारात उभी ऱ्हाऊन बोलंल, लोकं मारतील की हिला." मग सुमनला म्हणाली, "जीभ दाताला लाव. हाल. म्हन."

"हाळ," सुमन म्हणाली.

"हाल."

"हाळ."

उन्हं कलेपर्यंत हे चाललं. आसपासची माणसं आंबील पीत शिकवणी बघत बसली. एकदाचा ल जमला तेव्हा अत्तीनं खोपीत अंथरलेल्या पोत्यावर बैठक मारली, शेजारची जागा हातानं झाडली आणि इतक्या हळू बोलली की मलाच जेमतेम ऐकू आलं.

"बा, मगळ."

सुमननं माझ्याकडं बघितलं. काय म्हणाल्या, असं डोळ्यांनीच विचारलं. ये, पोरी, असं म्हणाली, एवढंच मी सांगितलं. खरं तर मगळ म्हणजे पोटची लेक.

सुमन गेली आणि तिच्या शेजारी त्याच पोत्यावर बसली. पोतं अरुंद होतं. अत्ती जरा सरकली.