तिसरी हंडी

काशीनाथ सावे यांच्या झाई गावातल्या चिकूवाडीत त्या दिवशी वीसेक सैनिक मरून पडले होते आणि त्यांतला एक तंबाखू मळत होता.

"चैत्या, मेलेला माणूस तंबाखू खातो का रे?" दीपेशने हातातल्या भोंग्यातून विचारले.

"अजून कुठं मेलोय? कॅमेरा चालू झाला की मरतो," चैत्या पडल्या पडल्या म्हणाला.

दीपेश हा काशीनाथरावांचा एकुलता एक मुलगा. कॉम्प्युटरचा कोर्स, मोबाईल दुरुस्ती, शेवटी घोलवडच्या नाक्यावर लग्नाचे फोटो, असे सगळे करून झाल्यावर त्याच्या नशिबाने २०१७ सालच्या थंडीत मुंबईची फिल्मवाली मंडळी वाडी बघायला आली. दीपेश त्यांना चिकटला तो चिकटलाच. मेलेले सैनिक गोळा करणे, चहा पोचवणे, शूटिंग चालू असताना शेजारच्या वाडीतला पंप बंद करायला लावणे, ही कामे तो इतक्या मनापासून करी की मिहीर सर, म्हणजे दिग्दर्शक, एकदा म्हणाले, "शेवटचा दिवस असाच नीट काढ. मग चल माझ्याबरोबर मुंबईला. असिस्टंट म्हणून घेतो."

ही बातमी त्याने जेवताना घरात सांगितली. काशीनाथरावांनी ताटातला बोंबील पूर्ण संपवला, हात धुतला आणि निकाल दिला.

"काम धड झालं तर जा. मी अडवणार नाही. नाही झालं, तर सोमवारपासून चिकू निवडायला बसायचं आणि मुंबईचं नाव पुन्हा या घरात काढायचं नाही."

काशीनाथरावांच्या मते जगात चिकू हे एकच काम होते आणि बाकीचे सगळे नाद होते. त्यातून या सिनेमाची गोष्ट त्यांना अजिबात पटलेली नव्हती. त्यांनी ती मिहीर सरांकडून समोर बसून ऐकली होती.

"लढाई कोणाची कोणाशी?"

"ते महत्त्वाचं नाही, काका. एक पलटण आहे. तिला कळतं की जवळच कुठेतरी खजिना पुरलाय. मग ते लढाई सोडून खजिन्यामागे लागतात आणि एकमेकांनाच मारतात. शेवटी एकच उरतो."

"म्हणजे शत्रूनं काहीच करायचं नाही?"

"नाही."

"आणि हे विनोदी आहे?"

"डार्क कॉमेडी, काका."

"लाईट असताना काढा म्हणजे झालं," असे म्हणून काशीनाथराव उठले. आपण फार मोठा विनोद केला याचा त्यांना पत्ताही नव्हता.

शेवटच्या दिवसाचा शेवटचा शॉट असा होता. सगळे सैनिक मरून पडले आहेत. एकटा हिरो उरला आहे. सूर्य समुद्रात बुडतो आहे. हिरो मोठ्या चिकूखालची माती उकरतो, आतून मडके काढतो, त्यात बघतो आणि वेड्यासारखा हसतो. संपले. हिरोला त्याच रात्री दुसऱ्या शूटिंगला निघायचे होते, त्यामुळे सूर्य आणि हिरो दोघेही एकदाच मिळणार होते.

मडके पुरायची जबाबदारी दीपेशवर होती. मुंबईहून आणलेले मडके टेम्पोतच फुटले होते. "घरात एखादं जुनं असेल तर बघ," मिहीर सर म्हणाले. दीपेशने आईची, म्हणजे रखमाबाईंची, हंडी आणली. तिच्यात सोनेरी रंगाची प्लास्टिकची नाणी गच्च भरली, सांडू नयेत म्हणून तोंडाला पाल्याचा बोळा कोंबला आणि हंडी खळग्यात उपडी ठेवली.

उपडी का, असे त्याला कोणी विचारले असते तर त्याला सांगता आले नसते. सावे यांच्या घरात हंडी जमिनीत जाते ती उपडीच जाते. थंडी पडली की वालपापडी, कोनफळ, रताळी, बटाटे, ओवा-मीठ लावून हंडीत भरायचे, भांबुर्ड्याच्या पाल्याने तोंड बंद करायचे, हंडी खळग्यात उपडी ठेवायची आणि वर-भोवती सुका पालापाचोळा पेटवायचा, की झाली उकडहंडी. दीपेश हे जन्मापासून बघत आला होता. मिहीर सरांच्या सांगण्याप्रमाणे त्याने वर चिकूचा सुका पालाही नीट पसरला, म्हणजे खजिना दिसू नये.

मग तो वाडीत कामाला असलेल्या तानीला म्हणाला, "तानीबाई, ही हंडी सांभाळ हां. चारपर्यंत तयार पाहिजे. काही झालं तरी विसरू नको."

"मी हाय ना," तानी म्हणाली.

इतक्यात सैनिकांचे रक्त संपले. आदल्या दिवशी हाणामारीत जरा जास्तच वापरले गेले होते. दीपेश मोटरसायकलवरून डहाणूला पळाला. तिथे नाटकाचे रंग विकणारे दुकान बंद होते. तेव्हा त्याने डोके चालवले आणि बर्फाच्या गोळ्यावर घालतात ते लाल सरबत कॅनभर आणले. दिसायला रक्त अगदी झकास होते. वीस सैनिकांना ते सढळ हाताने लावले गेले.

पहिली तक्रार हाल्याकडून आली.

"दीपेशभाऊ, माझ्या जखमेत मुंग्या गेल्या."

"मेलायस ना? मग हलू नको."

"मी नाय हलत. मुंग्या हलतात."

थोड्याच वेळात संपूर्ण पलटण खाजवू लागली. लहान्या तर उठून उड्याच मारायला लागला. मिहीर सर ओरडले, "उठू नका! कोण कुठे मेलं होतं ते नंतर जुळत नाही!" याच कारणासाठी त्या लोकांना दुपारी जेवायलाही उठू दिलेले नव्हते. पडल्या जागी चहा-बिस्कीट मिळाले होते, तेवढेच. शेवटी मुंग्यांची पावडर आणून मृतांच्या भोवती रेघा ओढण्यात आल्या, तेव्हा कुठे रणांगण शांत झाले.

दीपेश घाम पुसत चिकूखाली आला आणि जागच्या जागी थिजला. खळग्यातून धूर येत होता. शेजारी तानी आणि तिचा नवरा काळ्या उकिडवे बसून मन लावून जाळ सारखा करत होते.

"हे काय केलंत?"

"तू निस्ता पाला टाकून गेलास, पेटवायचं विसरलास," तानी समजुतीने म्हणाली. "बाईंनी विहिरीजवळ दोन हंड्या लावल्यात. मी बोलली, शूटिंगवाले खूप हायत, म्हणून ही तिसरी."

"पण वास कसला तरी येतो," काळ्या म्हणाला. "कोनफळ खराब होतं काय?"

दीपेशने फावड्याने हंडी बाहेर काढली. पाल्याचा बोळा ओढला. खजिन्याचा एकच गोळा झाला होता. सोनेरी, वाकडातिकडा, मध्ये मध्ये बुडबुडे आलेला.  दीपेश ढळाढळा रडायला लागला. सोमवार त्याला आता चिकूच्या ढिगासकट डोळ्यांसमोर दिसत होता.

रखमाबाई वासाने तिथे आल्या. त्यांनी आधी हंडीकडे पाहिले, मग मुलाकडे.

"माझी हंडी नासवलीस ना मेल्या?"

"आई, हंडीचं काय घेऊन बसलीस! आता हिरो काय काढणार जमिनीतून?"

"काय दाखवायचंय? आतलं का बाहेरचं?"

दीपेशने नाक ओढले. "हिरो फक्त आत बघून हसणार. नाण्यांचा फोटो ते नंतर मुंबईला घेणार आहेत."

"मग रडतोस कशाला? हंडीच पाहिजे ना? विहिरीजवळची एक ने. अगदी अशीच आहे. शॉट झाला की तशीच परत आण. सगळ्यांच्या जेवणाची आहे ती."

रखमाबाईंची ही सूचना खरोखर उत्तम होती. तिच्यात एकच गोष्ट राहून गेली आणि ती गडबडीत कोणाच्याच लक्षात आली नाही. काळ्याने ती हंडी दोन काठ्यांवर तोलून आणली, दीपेशने वर माती लोटली आणि दोघे बाजूला झाले. पश्चिमेला सूर्य टेकत आला होता.

"ॲक्शन!"

हिरो रांगत आला. त्याने मेलेल्या मित्रांकडे बघून डोळे फिरवले. दोन्ही हातांनी माती उकरली आणि हंडी पोटाशी धरून उचलली.

हंडी नुकतीच जाळातून निघालेली होती.

हिरोने जी किंकाळी फोडली तिला अभिनयाची काही गरज नव्हती. हंडी हातातून उडाली, दगडावर फुटली, आणि वालपापडी, रताळी, कोनफळ वाफाळत चारी दिशांना गडगडली. ओव्याचा आणि भाजलेल्या पाल्याचा वास रणांगणावर पसरला.

 दीपेशने डोळे मिटून घेतले. त्यामुळे पुढचे त्याने पाहिलेच नाही.

आधी चैत्या जिवंत झाला. सकाळपासून मरून त्याच्या पोटात कावळे ओरडत होते आणि एक रताळे घरंगळत नेमके त्याच्या नाकापाशी येऊन थांबले होते. त्याने हळूच हात लांब केला. ते बघून हाल्या उठला. मग लहान्या. मुंग्यांची पावडर ओलांडून एकेक मेलेला सैनिक रांगत मध्ये आला. हिरो हाताला फुंकर घालत बसला होता. चैत्याने त्याला अर्धे रताळे सोलून दिले. हिरोने त्याच्याकडे पाहिले, रताळ्याकडे पाहिले आणि खाल्ले.

एवढे होईपर्यंत काशीनाथराव कुंपणापाशी हात बांधून उभे होते. पण समोर जे चालले होते ते त्यांना बघवेना. ते तरातरा कॅमेऱ्यासमोर गेले.

"अरे, नुसतंच काय खाता? चटणी तरी घ्या! रखमे, चटणी आण!"

आणि रखमाबाई हिरवी चटणी घेऊन युद्धभूमीवर आल्या. मेलेल्या पलटणीला त्यांनी पानावर वाढले. सूर्य पाण्यात गेला.

बऱ्याच वेळाने मिहीर सर हळूच म्हणाले, "कट."

दीपेश त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. "सर, चूक माझी आहे. तानीबाईंना काही बोलू नका."

मिहीर सर त्याच्याकडे बघतच नव्हते. त्यांचे डोळे पाणावले होते. "युद्ध संपलं," ते म्हणाले. "वर्षभर मला शेवट सापडत नव्हता." मग त्यांनी एक वालाची शेंग खाल्ली, आणखी एक खाल्ली आणि दुसरी हंडी कुठे आहे असे विचारले. त्या रात्री गाड्या निघाल्या तेव्हा दीपेशचा विषय कोणाला आठवला नाही. सोमवारी तो मुकाट्याने चिकू निवडायला बसला.

सिनेमा पुढच्या वर्षी आला. सगळे घर वापीला बघायला गेले. काशीनाथराव "मला यात काही रस नाही" असे म्हणत लग्नातला कोट घालून आले. शेवटच्या दृश्याला थिएटरात आधी हशा पिकला आणि मग बायका डोळे पुसायला लागल्या. काशीनाथराव पडद्यावर येऊन ओरडले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग नावे सुरू झाली. दीपेश सगळी नावे श्वास रोखून वाचत गेला. त्याचे नाव कुठेच नव्हते. मधोमध मोठ्या अक्षरांत आले: 'खजिना: सौ. रखमाबाई काशीनाथ सावे'. आणि खाली, 'अग्निव्यवस्था: तानी आणि काळ्या'.

  परतीच्या गाडीत काशीनाथराव मधूनच मुलाकडे बघत आणि पुन्हा खिडकीबाहेर बघत.

आठवड्याने मिहीर सरांचा फोन आला. दीपेश हातातला चिकू टाकून धावला, पण फोन काशीनाथरावांनी उचलला होता.

"नवीन पिक्चर? छान. काय पाहिजे?... रखमाबाई? पूर्ण महिना, मुंबईला?" काशीनाथरावांनी घसा साफ केला. "त्यांच्या तारखा बघाव्या लागतील. हंडी लावायला तानी-काळ्या लागतील, पाला इथूनच न्यावा लागेल. आणि एक अट आहे माझी."

दाराशी दीपेश उभा होता. काशीनाथरावांनी त्याच्याकडे पाठ केली.

"मुलगा बरोबर येईल. नाही, नाही, पाहुणा म्हणून नाही. तुमचा असिस्टंट म्हणून. हंडी गरम असते, ते एवढ्या सगळ्यांत आता त्यालाच पक्कं ठाऊक आहे."

फोन ठेवून ते दाराकडे आले. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तिथे वितळलेल्या नाण्यांचा सोनेरी गोळा लावलेला असे. तो त्यांनी पायाने बाजूला सारला.

"बघत काय उभा राहिलायस? बॅग भर," ते म्हणाले. "आणि तो ढीग तेवढा आधी निवडून जा."