दूधकट्ट्यावरची तालीम

"आपली अंतरा जन्मजात हुशार हाय, आणि हे मी पुराव्यानिशी सिद्ध करणार!" उन्मेषने चहाच्या पहिल्याच घोटाला जाहीर केलं. पुरावा मोबाईलवर होता. विनोदबुद्धी असलेली मुलं असामान्य बुद्धीची असू शकतात, असा लेख त्याने वाचला होता. त्यातलं 'असू शकतात' तेवढं त्याने चष्म्याशिवाय वाचलं असावं.

शाळेच्या प्रज्ञावर्गात एकच जागा उरली होती आणि मुलाखत शनिवारी होती. नऊ वर्षांची अंतरा बोलायची कमी आणि टुकूटुकू बघायची जास्त.

"ती जोक कुठं सांगते?" त्याच्या बायकोने, स्नेहलने विचारलं.

"शिकवतो की!"

उन्मेषने वीस विनोद वहीत उतरवले, त्यांना नंबर घातले आणि रोज संध्याकाळी लेकीला घेऊन तो दूधकट्ट्यावर जायला लागला. म्हशीची धार तिथंच काढतात, फेसाळ दुधाचा पेला हातात येतो आणि तो रिकामा होईपर्यंत माणूस हलत नाही. असा आयता श्रोता दुसरीकडं कुठं मिळणार!

पहिल्याच विनोदाला कट्टा खदखदला. धार काढणारा आकाराम तर इतका हसला की चरवी कलंडता कलंडता राहिली.

"बास करा की उन्मेषराव! म्हस लाथ घालंल!"

उन्मेषने मागे वळून पाहिलं. अंतरा गंभीर चेहऱ्याने दूध पीत होती.

"बघितलंस? असा सांगायचा जोक!"

तिने मान डोलावली. चार दिवसांत गर्दी एवढी वाढली की दूध न पिणारेही येऊन उभे राहायला लागले.

शनिवारी मुलाखत घेणाऱ्या प्रियदर्शनी मॅडमनी अंतराला समोर बसवलं. शेजारी क्लार्क विश्वजित फॉर्म भरत होता.

"तुला काय आवडतं, बाळ?"

"माणसं बघायला."

हे काय उत्तर झालं! उन्मेष कासावीस झाला. "सात नंबर!" तो तिच्या मागच्या खुर्चीतून पुटपुटला.

"पप्पा, सातवा का सतरावा?" अंतराने मोठ्याने विचारलं.

मॅडमची भुवई वर गेली. जागा हातची चालली! उन्मेष उठला आणि सातवा स्वतःच सांगून मोकळा झाला. कुणी हसलं नाही. त्याने सतरावा सांगितला. विश्वजितने पंखा एकने वाढवला.

"मॅडम, देवाशपथ, कट्ट्यावर ह्याच जोकला लोक गडाबडा लोळत्यात!"

"मग इथं का नाही हसलं कुणी?" मॅडमनी अंतराला विचारलं.

"इथं मी पप्पांच्या पुढं बसलोय. तिथं मागं असतो."

"बरं, मग जा मागे."

अंतरा मागे गेली. उन्मेषने नव्या उमेदीने पँट वर ओढली आणि तिसरा सुरू केला. मॅडमच्या हातातलं पेन पडलं! विश्वजितने टेबलावर डोकं ठेवलं! जमलं! उन्मेषने आनंदाने गर्रकन मागे पाहिलं.

अंतराला या वेळी दुधाच्या पेल्यामागे लपता आलं नाही. फ्रॉकवरूनच नसलेली पँट वर ओढून, पोट पुढे काढून, विनोद संपायच्या आतच ती मान मागे टाकून मुक्यानं हसत होती. अगदी हुबेहूब पप्पा! उन्मेषला लाज वाटली, राग आला, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे त्यालाही हसू आलं.

मॅडमनी डोळे पुसत फॉर्मवर शेरा मारला: 'निरीक्षण उत्तम. विनोदबुद्धी उत्तम. विषय: वडील. प्रवेश मंजूर.'

संध्याकाळी उन्मेषने आख्ख्या कट्ट्याला दूध पाजलं आणि बातमी सांगायला तोंड उघडलं. वाक्य पुरं व्हायच्या आत सगळे हसत सुटले. या वेळी त्याने मागे वळून पाहिलं नाही. पँट वर ओढायला निघालेला हात तेवढा हळूच खिशात घातला.