सल्ल्याचा विमा

शनिशिंगणापूरला गेलेला माणूस घरांना दारं नाहीत हे बघून थक्क होतो आणि देवाला हात जोडतो. आमचे दानियलकाका साळवे थक्क झाले ते भलत्याच कारणाने. "बघा," ते मला म्हणाले, "आग लागली तर मानूस सरळ बाहेर! ना कडी, ना कोयंडा. याला म्हनत्यात गाव!"

काका साखर कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, माझ्या शेजारच्या खोलीत एकटे राहत. कुठेही गेले की आधी बाहेर पडायची वाट शोधायचे. लग्नात अक्षता पडायच्या आत मांडवाचे खांब हलवून बघायचे. एकदा नवरदेवाचा मामाच अंगावर धावून आला. पंगतीत त्यांचं लक्ष स्वतःच्या पानात कधी नसे, वाढप्याच्या हातातल्या उकळत्या आमटीवर असे. कोणी हसलं की वाक्य ठरलेलं, "आन् झालं काही, मंग?"

दुष्काळाच्या एका सालात गावाबाहेर एका धर्मादाय संस्थेने निराधार बायांसाठी हातमागाची शेड काढली होती. दर शनिवारी काका सायकलवरून तिथे जात, फुकट सल्ला द्यायला. स्टोव्ह सुतापासून लांब ठेवा, मागच्या दाराला कुलूप घालू नका, पदर खोचा. बाया हसत, पण ऐकत. शुक्रवारी संध्याकाळीच काकांचा शर्ट इस्त्री होऊन खुंटीला लागलेला असे.

मग संस्थेत नवे सेक्रेटरी आले, वकिली शिकलेले. ते काकांना म्हणाले, "तुमचं ऐकून काही केलं आणि कुणाला इजा झाली, तर भरपाई कोण देणार? आधी सल्ल्याचा विमा आणा, नाहीतर येऊ नका."

मी विमा एजंट. काका त्याच दुपारी माझ्या ओट्यावर हजर.

"माझ्या सल्ल्याचा विमा उतरवा."

"काका, माणसाचा उतरतो, मोटारीचा उतरतो, दुकानाचा उतरतो. सल्ल्याचा कसा उतरवू?"

"डॉक्टरच्या चुकीला इमा असतो म्हनं. मी चुकीचं दार दावलं तर?"

मुद्दा बिनतोड होता. मी ऑफिसात विचारलं. साहेब म्हणाले, "फी घेत नाहीत? मग तो धंदा नाही. धंदा नाही तर विमा कशाचा?" काका म्हणाले, नावाला रुपया घेतो. सेक्रेटरी म्हणाले, धर्मादाय संस्था सल्ल्याला रुपया देत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

पुढच्या शनिवारी विमा मिळत नाही हे सांगायला आम्ही दोघे गेलो. सेक्रेटरींनी हात जोडून काकांचे आभार मानले आणि यापुढे शेडमध्ये पाऊल टाकू नका म्हणून बजावलं. काका सायकलीकडे वळले. फाटकाशी स्वैपाकीण सखुबाई पीठभरल्या हातांनी उभी होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"काका, वाटंत खडी टाकलीया," ती म्हणाली. "जपून जावा."

काकांनी उगाचच ब्रेक दाबून बघितला. मग मला कळलं, हे ती दर शनिवारी म्हणत असणार.

परतताना खडीपाशी ते सायकलवरून उतरले. मग म्हणाले, "आमची ही व्हती तवर रोज म्हनायची, जपून जावा. ती गेल्यापासून घरातून निगताना मी उंबऱ्याशी जरा थांबतो. कोनी काही म्हनत न्हाई. मंग निगतो."

जन्मभर सगळ्यांना बाहेरची वाट दाखवणारा हा माणूस स्वतःच्या दारात अडखळत होता.

वाटलं, आता शनिवार संपले. पण पुढच्या शुक्रवारी शर्ट पुन्हा खुंटीला लागला.

"काका, तिथं तुम्हाला बंदी आहे!"

"आत जायला. मी फाटकाबाहेर हुभा ऱ्हानार, तोंडातनं सल्ला काढनार न्हाई. त्याला कसला इमा लागतोय?"

ते तसेच जातात. बाहेर सायकल धरून उभे राहतात, सखुबाई हात पुसत येते आणि तेवढं म्हणते. मग काका घरी परततात, अगदी जपून.