हेडक्लार्कांची हजामत

ओव्हरटाइम बंद झाल्याचं परिपत्रक वाचून हेडक्लार्क घरी आले आणि चपला काढायच्या आधीच त्यांनी जाहीर केलं, "आजपासून काटकसर! माझे केससुद्धा घरीच कापायचे."

"कोण कापणार?" बायकोनं विचारलं.

"तू. पडदे कापतेस ना सरळ?"

रविवारी ते गळ्याभोवती चादर बांधून स्टुलावर बसले. डावी बाजू जरा जास्त उतरली म्हणून बायकोनं उजवी कमी केली. मग उजवीच जास्त उतरली. दोन्ही बाजूंचा समेट होईपर्यंत मधला गोटा उघडा पडला.

"झालं का?"

"झालं म्हणजे... आता उरलंच नाही काही."

आरसा पाहून हेडक्लार्क तडक टोपी आणायला धावले. टोपी कटिंगच्या तिप्पट पडली. परतताना चौकातल्या न्हाव्यानं हाक मारली. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत तो स्वतःच पेपर वाचत बसला होता.

"साहेब, टोपी काढा बघू... अरेरे! वहिनींनी का? या आठवड्यात तुमच्या ऑफिसातले तिघं असेच टोप्या घालून गेले. आज तर बोहनीसुद्धा नाही. परवापासून मीही हात आखडलाय. पोरीची गणिताची शिकवणी बंद केली."

ती शिकवणी हेडक्लार्कांचीच बायको घेत होती. 'पोरीला मी कधी रागावले नाही, मग यायची का थांबली?' म्हणून तिनं दोन दिवस डोकं खाल्लं होतं.

त्यांनी न्हाव्याला उठवलं आणि स्वतः खुर्चीत बसले. "दाढी कर."

"सकाळीच केलेली दिसतेय."

"परत कर! डोक्याला मालिश कर. आणि सहा महिन्यांच्या कटिंगचे पैसे आत्ताच घे. पण पोरीला उद्यापासून शिकवणीला पाठव."

घरी बायको दारातच उभी. "नवी टोपी, गुळगुळीत दाढी, तेलाचा वास! काटकसर कुठं सांडली?"

त्यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. ती ऐकून घेत कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"म्हणजे आपण त्याला द्यायचे, आणि त्यानं तेच फी म्हणून आपल्याला आणून द्यायचे?"

"हो... चुकलंच माझं."

"चुकलंच! त्याचा धाकटाही गणितात कच्चा आहे," ती कडाडली. "सहाच महिन्यांचे का दिलेत?"