मामाजींचे चिंचोके

मी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा मुलीला कुणी काही विचारलंच नाही. प्रश्न मलाच विचारला गेला. पोह्यांची बशी अजून हातातच होती. मुलीचे वडील रामभाऊ काळबांडे पुढे सरकले आणि म्हणाले, "समजा, तुमच्या हातात चार बदाम हायत, पाचवा पत्ता इस्पिक. काय कराल?"

मी माझ्या वडिलांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत असल्यामुळे काहीतरी बोलणं भाग होतं.

"इस्पिक टाकून पाचव्या बदामाची वाट पाहीन."

"चुकलं. आधी ढीग पाहा लागते, जवाईबापू!"

लग्न ठरलं नव्हतं, पण मी जवाईबापू होऊन बसलो होतो. परत येताना सायकलरिक्षात वडील म्हणाले, "पोरगी चांगली आहे. बाप जुगारी आहे."

मामाजींनी (आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात) जन्मात एक पैसा पत्त्यांवर लावला नव्हता, हे कुणाला पटत नसे. ते रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. संत्र्यांच्या करंड्या मोजता मोजता त्यांना एका अँग्लो-इंडियन गार्डसाहेबानं पोकर शिकवलं. हातात पाच पत्ते, नको ते टाकून नवे घ्यायचे. पाचही एकाच रंगाचे आले तर मोठा हात. साहेब गाव सोडून गेले. खेळ मामाजींच्या अंगाला चिकटला. पैशांच्या जागी त्यांनी चिंचोके आणले, आणि त्यांच्या सदऱ्याचा खिसा कायम खुळखुळत राहिला.

चार बदामांचा हात हा त्यांचा आवडता विषय. न झालेला, पण होऊ शकणारा हात. "दोघाईसमोर ढीग मोठा असन तं थोडे थोडे टाकत वाट पाहाची. आला बदाम, तं समोरचा सारा ढीग आपला. पन आपला ढीग लहान असन, तं वाट पाहाची नाई. दर डावाले एक चिंचोका मधात टाकाच लागते ना? वाट पाहता पाहता माणूस संपून जाते. सारे एकदाच लावाचे, नाई तं पत्ते टाकून द्याचे. मधात कुथत बसाचं नाई!"

हे ते कुठेही सांगत. माझ्या मेहुणीच्या साक्षगंधाला त्यांनी व्याह्यांना सतरंजीवर बसवून पत्ते वाटले, आणि मुहूर्त आला तेव्हा व्याही तीन राण्या हातात धरून उठायला तयार नव्हते. आमचे प्रिन्सिपॉल त्या समारंभाला आले होते. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणीतरी खिसा खुळखुळवल्याची नक्कल केली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पुढे मी मामाजींबरोबर रस्त्यानं चालताना जरा अंतर ठेवून चालू लागलो.

त्यांचे दोन नियम होते. पत्ते सोडून दिले तरी ते उताणे टाकायचे, म्हणजे का सोडले याचं व्याख्यान देता येतं. आणि दया करायची नाही. दिवाळसणाला जावयाचे लाड होतात म्हणे; माझा शेवटचा चिंचोकाही त्यांनी ओढून घेतला. बायको कळवळून म्हणाली, "बाबा, जवाई हायत ते!" मामाजी म्हणाले, "म्हनूनच. दया करून खेळनं म्हन्जे समोरच्याची बेइज्जत."

हा छळ एकट्या सासूबाई गोड मानून घेत. चिंच फोडून, चिंचोके धुऊन त्या उन्हात वाळवत, आणि रोज संध्याकाळी नवऱ्यासमोर बसून हरत.

त्याच सासूबाईंना पोटाच्या दुखण्यानं धंतोलीतल्या एका दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून स्वच्छ सांगितलं, "ऑपरेशन केलं तर बऱ्या होतील, पण खात्री देत नाही. थांबलो, तर रोज ताकद कमी होत जाणार. काय ते आज ठरवा."

मी मामाजींकडे पाहिलं. जो प्रश्न ते जगाला विचारत हिंडले, तो आज त्यांना विचारला होता. त्यांनी खिशात हात घालून चिंचोके चाळवले. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. मामाजी पुटपुटले, "थोडी वाट पाहून घेऊ." डॉक्टर वैतागून निघून गेले, आणि मला मामाजींची इतकी लाज वाटली की मी दुसरीकडे तोंड फिरवलं.

आत सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. "पत्ते आनले का जी?"

खाटेवर पत्ते मांडले गेले. शेजारच्या पेशंटची माणसं बघायला लागली, नर्सनं नाक मुरडलं. सासूबाई हरत हरत मूठभर चिंचोक्यांवर आल्या. मग एका डावाला त्यांनी पत्ते पाहिले आणि नवा पत्ता घेण्याआधीच सगळी मूठ पुढे सरकवली.

"चार बदाम हायत माह्याजवळ. सांगूनच लावतो."

मामाजींनी हातातले पत्ते पाहिले. मग त्यांनी ते पालथे टाकले. "नाई वं. तू जिकली."

सासूबाईंनी सहज गड्डीतला वरचा पत्ता उलटून पाहिला. किलवरची छक्की निघाली. त्या हसल्या. "बदाम आलाच नसता! पन लावलं म्हनून जिकलो. जा, डॉक्टरले सांगून या. माहा ढीग लहान हाय. मले वाट नाई पाहाची."

मामाजी उठले. मी पत्ते गोळा करताना त्यांचा हात उलटून पाहिला. तीन अठ्ठ्या होत्या. पाचवा बदाम आला नव्हता, म्हणजे ते सरळ जिंकत होते.

व्हरांड्यात त्यांनी माझा हात धरला. चोरी करताना सापडलेल्या माणसासारखं त्यांचं तोंड झालं होतं. "जवाईबापू, तुमी पाह्यलं. तिले नोका सांगू. पयल्यांदाच खोटं खेळलो. मले लाज वाटून राहिली." मला त्यांच्याहून जास्त वाटत होती. डॉक्टरांच्या खोलीपर्यंत मी त्यांना खेटून चाललो.

ऑपरेशन पार पडलं. अशक्तपणा जायला बरेच दिवस लागले. एका संध्याकाळी सासूबाई स्वतःच्या पायांनी ओट्यावर येऊन बसल्या. ओच्यात नवे वाळवलेले चिंचोके होते. त्यांनी ते समोर ओतले आणि म्हणाल्या, "आता माहा ढीग मोठा हाय. आता खरं खेळा."

मामाजींनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मी 'नाही' म्हणून मान हलवली. मी काही बोललो नव्हतो.

"त्याईच्याकडे काहून पाहता?" सासूबाई म्हणाल्या. "आजवर कधी पालथे पत्ते टाकले होते तुमी?"

मामाजींचे कान लाल झाले. बायकोकडे न पाहता त्यांनी पत्ते पिसले, वाटले आणि अंधार पडायच्या आत तिचे सगळे चिंचोके जिंकून घेतले. मग आपला हात उताणा टाकून त्यांनी व्याख्यान सुरू केलं. पण आवाज सारखा बसत होता, म्हणून सासूबाईंनीच ते पुरं केलं.