सोललेली गिटार

"गिटार बोटांनी वाजते? छट्! सगळी करामत पिकअपची!" उस्ताद भेटेल त्याला ठणकावून सांगायचे. पिकअप म्हणजे तारांखालचा चुंबकी ठोकळा, तारेचा आवाज उचलून स्पीकरकडे धाडणारा. असले ठोकळे जुन्या गिटारींतून काढायचे, विकायचे, अदलाबदल करायची, यात उस्तादांचा दिवस जायचा. रियाजाला सवड कुठली?

आणि अशात हॉटेलच्या बँडमध्ये गिटारवाल्याची कायमची जागा निघाली! पार्ट्यांत वाजवून कंटाळलेल्या उस्तादांचा त्या जागेवर जीव होता. आयुष्यात एकदा तरी लोकांनी आपल्याला वादक म्हणावं, एवढीच इच्छा. त्यात बायकोनं बजावलं, "या वेळी नाही जमलं तर दादाच्या फरशीच्या दुकानात बसायचं! मुकाट्यानं!"

उस्तादांनी नवी गिटार घ्यायचं ठरवलं आणि जुनी विकायला काढली. पण विकण्याआधी गिटार सोलायची, हा पिकअपचा धंदा करणाऱ्या मंडळींचा रिवाजच होता. चांगला माल काढून घ्यायचा, आत भंगार बसवायचं. उस्तादांनी अस्सल पिकअप नव्या गिटारीत घातला, जुनीत एक गंजका ठोकळा कोंबला आणि ती गोगलगाय नावानं ओळखल्या जाणाऱ्या मित्राच्या गळ्यात मारली. बिचारा हळू चालायचा, हळू बोलायचा.

"उस्ताद, पिकअप मूळचाच ना?"

"आईची शपथ! माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर नाही तर कुणावर ठेवू?"

परीक्षेच्या दिवशी हॉटेलच्या तळघरात उस्तादांनी जीव तोडून वाजवलं. बँडमास्तर चहात बिस्किट बुडवत म्हणाले, "ठीक. पुढचा!"

पुढचा कोण? गोगलगाय!

"तू? इथे?"

"तुमचीच कृपा! माझ्याकडे धड गिटारच नव्हती हो. तुमची हातात आली म्हणून हिंमत केली."

त्यानं वाजवायला सुरुवात केली आणि ताटं नेणारा वेटर दारातच थबकला. मास्तरांचं बिस्किट चहात विरघळलं, तरी त्यांना पत्ता नाही!

उस्तादांच्या मात्र पायाखालची जमीन सरकली. त्या गंजक्या ठोकळ्यातून हा आवाज? शक्यच नाही! यानं आत भारी माल बसवलाय!

"गोगलगाय नि पोटात पाय!" ते ओरडले. "मास्तर, ही लबाडी आहे! गिटार उघडा!"

"अहो, पण..."

पण उस्तादांच्या खिशात स्क्रूड्रायव्हर कायमच असायचा. कुणी अडवायच्या आत त्यांनी तारा सैल केल्या, स्क्रू काढले, पिकअप उचकटून वर धरला.

गंजका ठोकळा. तोच. त्यांनीच बसवलेला.

"हा मूळचा नाही," गोगलगाय सावकाश म्हणाला. "उस्ताद, तुम्ही तर आईची शपथ घेतली होती."

उस्तादांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं! ते खाली मान घालून सगळं पुन्हा जोडू लागले. स्क्रू बसले, तारा चढल्या, सूरही लागला.

"जागा याला," मास्तरांनी गोगलगायीकडे बोट केलं. मग उस्तादांकडे वळून म्हणाले, "तुमचा हात मात्र भलताच सफाईदार आहे हो."

उस्तादांनी आशेनं मान वर केली.

"आमची वाद्यं सारखी बिघडतात. दुरुस्तीला याल?"

उस्ताद गेले. काय करणार? फरशीपेक्षा बरं. बायकोनं शेजारीपाजारी सांगून टाकलं, "आमचे हे बँडमध्ये लागले!" उस्तादांनी तिला दुरुस्त केलं नाही.

रोज संध्याकाळी लोक गोगलगायीसाठी टाळ्या वाजवतात आणि उस्ताद पडद्यामागे वायरी गुंडाळतात. त्यांच्या मनाला ते फार लागतं. परवा न राहवून ते त्याच्याजवळ गेले. "अरे, तो अस्सल पिकअप घे. फुकट! तुझ्या गिटारीत बसवून देतो."

गोगलगायीनं गिटार स्वतःकडे ओढून घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच तो चटकन हलला असेल!

"नको उस्ताद," तो म्हणाला. "तुम्ही नुसती पुसून द्या. इथेच. माझ्यासमोर."