चुन्याच्या रेघा मारणारा मिलिंद

मिलिंद सावलीत बसत नसे. मे महिन्याचं ऊन, कुत्री मोरीत शिरलेली, आणि हा बाबा कडुलिंबाच्या सावलीच्या बरोबर बाहेर उभा राहून सावलीच्या कडेनं चुन्याची रेघ मारायचा. तासाभरानं सावली सरकली की दुसरी रेघ.

पिंगळीच्या पुढं एक लहान स्टेशन होतं. नाव सांगत नाही, तिथल्या मास्तरची पोरं अजून परभणीत हायत. तिथल्या फाटकावर मी तीस वर्षं काढली. ही गोष्ट आणीबाणी उठल्यानंतरच्या उन्हाळ्याची. माझी बायको गया त्याच्या आधीच्या हिवाळ्यात गेली होती. मला कुणाशी बोलावं वाटत नव्हतं. पण मिलिंद, तिथल्याच गावचा पोरगा, रोज फाटकाशी यायचा, तेव्हा बोलावंच लागलं.

"मिलिंदा, काय करायलास रे?"

"शिकायलोय, मामा."

दिल्लीला म्हणे झाडं कुठं लावायची, पायवाट कुठून न्यायची, माणसं कुठं बसतील, याचं कॉलेज आहे. मी म्हणलं, "आमी खड्डा खंदतो, झाड लावतो. त्याला कॉलेज कशाला?"

"खड्डा कुठं खंदायचा, ते शिकायला सात वर्षं लागायलीत, मामा." हसलासुद्धा नाही.

शेवटच्या वर्षाला विषय आपणच शोधायचा, नकाशे आपणच काढायचे, असा तिथला कायदा. सोबतच्या पोरांनी बादशाही बागा घेतल्या. ह्यानं आमच्या स्टेशनापुढचं पटांगण घेतलं. एक लिंब, एक रांजण, बाकी धूळ.

"माणूस इथंच का बसला?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. भुईमुगाची टरफलं आणि बिडीची थोटकं मोजायचा. जिथं टरफलं लय, तिथं माणूस जास्त वेळ बसतो, हा त्याचा हिशोब. एकदा बसल्या म्हातारीभोवतीच चुना मारला आणि म्हणाला, "आजी, हलू नका." म्हातारी म्हणाली, "करणी करायलास का रं मेल्या माझ्यावर?"

पण रेल्वेत चुन्याची रेघ दिसली की अर्थ एकच, मोठा साहेब तपासणीला येणार. आमचा मास्तर रजेवरून आला, रेघा बघितल्या आणि त्याचं धाबंच दणाणलं. दोन हमाल लावून पटांगण झाडून घेतलं, पाणी मारलं आणि इस्त्रीचा कोट घालून दोन दिवस उभा राहिला. साहेब काही आला नाही. टरफलं गेली, थोटकं गेली, रेघाही गेल्या.

मिलिंदला चार दिवसांत परत जायचं होतं. "नकाशाला पुरावा लागतो, मामा. माणसं कुठं बसतात हेच पुसलं. आता नापास." असं म्हणून तो उन्हातच उभा.

मी म्हणलं, "टरफलाचं काय घेऊन बसलास? इतकी वर्षं मी हेच बघायलोय. लिही."

सांगत गेलो. बायका भिंतीला पाठ लावून बसतात, म्हणजे गाठोडं मागं सांभाळता येतं. सासुरवाडीला निघालेला जावई बसतच नाही, कपड्याला धूळ लागते. पाटलाच्या घरचे बुंध्यापाशी. तो भराभरा लिहीत होता. मग पेन्सिल थांबली.

"एक जागा राहिली, मामा."

कोणती, ते मला माहीत होतं. सावली संपते तिथून चार पावलं पुढं, उघड्यावर.

"आई मला घेऊन तिथं बसायची. आमी बौद्ध झालो होतो, पण सावली काही मिळाली नव्हती." आवाज चढवला नाही त्यानं. "तुमी फाटकातून बघत होता."

"बघत होतो," मी म्हणलं. खोटं कशाला बोलू?

"मामीनं एक दिवस रांजण तिथं आणून ठेवला."

मी विसरलो नव्हतो. त्याआधी त्यांना कुणीतरी वरून पाणी ओतायचं, ते ओंजळीनं प्यायचे. गयानं रांजण उन्हात नेला तेव्हा मी खेकसलो होतो, "पाणी तापंल की." ती म्हणाली, "तापू दे. आपल्या हातानं तर घेतील." रांजण तिनं परत हलवला नाही. तिच्यामागं मीही नाही.

महिन्यानं कार्ड आलं, ते मास्तरनं वाचून दाखवलं. "मामा, सगळ्या नकाशात नवीन झाड एकच दाखवलं, रांजणाशेजारी. सरांनी विचारलं, एकच? म्हणालो, एकच कमी होतं. पास झालो."

रेल्वेनं झाड लावलं नाही. पावसाळ्यात मीच खड्डा खंदला, त्यानं सांगितलं होतं तिथंच.

पुढच्या उन्हाळ्यात मिलिंद दुपारच्या गाडीनं उतरला. रोप कमरेएवढं झालं होतं, सावली ताटाएवढी. मला वाटलं, आता हा चुना काढणार. त्यानं पिशवी खाली ठेवली, रांजणातून तांब्याभर पाणी घेतलं आणि त्या ताटाएवढ्या सावलीत बसला. अर्ध्याहून जास्त मिलिंद उन्हातच होता.

मी फाटक लावलं. मालगाडी गेली, फाटक उघडलं. तो बसलेलाच होता.